काठ कापलेली ताडपत्री

हे लिहायचा अधिकार माझा नाही, असं अजूनही वाटतं. दिवाकरकाका माझे कुणी नातेवाईक नव्हते. त्यांच्याबरोबर आयुष्य काढलेली माणसं आहेत, आणि मी तर बेसा इथल्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी विद्यार्थिनी. कॉलेजच्या निबंधापलीकडं मी काही लिहिलेलंही नाही. पण काका गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्यांचे शेजारी आणि जुने मित्र गजूकाका बोलायला उभे राहिले, ‘दिवाकर…’ एवढंच म्हणाले आणि खाली बसले. मग बाहेर चपला शोधताना मला म्हणाले, “तू लिव वं पोरी. तुले सारं माहीत हाय. मले नाई जमत.” त्याला आता काही आठवडे झाले. म्हणून लिहिते आहे… कमी-जास्त झालं तर काकूंनी आणि वाचकांनी सांभाळून घ्यावं.

माझे बाबा मला घेऊन कन्हानहून खोली पाहायला आले, तो दिवस आधी सांगते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळं बाबा माझ्याहून जास्त घाबरलेले होते. कुणाशी काय बोलायचं ते बसमध्ये मनाशी ठरवत आले होते. काकूंनी गच्चीवर पाठवलं. तिथं काका निळ्या ताडपत्रीशी झटत होते. बाबांनी “जयभीम, आम्ही खोलीसाठी…” असं सुरू केलं, तेवढ्यात काकांनी त्यांच्या हातात दोरीचं टोक दिलं. “पकडा बरं हे. ओढा. अजून ओढा, लाजू नका!” बाबा ओढत राहिले. ताडपत्री वर उचलली गेली, तिची आढ्याची दोरी ताठ झाली, आणि आम्ही तिघं एकदम सावलीत आलो. बाबा हसले. ठरवून आणलेलं काही बोलावंच लागलं नाही. जाताना फक्त म्हणाले, “माणूस चांगला हाय. राह्य इथं.”

काका सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. पण त्यांचा खरा जीव रानात मुक्काम करण्यात. वस्तीतली माणसं, त्यांची मुलं, माझ्यासारखे एखाद-दुसरे विद्यार्थी, असा त्यांचा गट होता. तयार तंबूंचा त्यांना राग. “तंबू म्हंजे चेन लावलेली पिशवी. आत शिरलं का बाहेर काय चालू हाय ते कळत नाई. ताडपत्रीखाली माणूस रानातच राह्यते, फक्त कोरडा राह्यते.” हे वेड कुठून आलं विचारलं तर सांगत, की त्यांच्या लहानपणी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाहेरगावचे पाहुणे यायचे, घरात मावायचे नाहीत, मग त्यांचे वडील अंगणात ताडपत्री ताणायचे. घरात झोपायचं सोडून सगळी मुलं तिच्याखाली जायची. “तवापासून मले पक्क्या छताखाली चांगली झोप नाई येत,” काका म्हणत. काकू लगेच आतून, “मंग घोरते कोण, मी?”

मला त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे खड्याची गाठ. ताडपत्रीची पितळी रिंग फाटून निघाली की लोक ती टाकून देतात. काका आतल्या बाजूनं एक गोल खडा धरत, त्याच्याभोवती कापड गोळा करत आणि बाहेरून त्या गोळ्याच्या गळ्याला दोरी आवळत. खडा निसटत नाही, आणि भोकही पाडावं लागत नाही. मी पहिल्यांदा बांधली ती पहिल्याच ओढीत सुटली. काका म्हणाले, “खडा टोकदार घेतला तू. तो कपड्याशी भांडते. गोल पाहा.” एवढंच. मला ओशाळवाणं वाटायच्या आत त्यांनी दुसरा खडा हातात दिला होता.

गजूकाकांचा मंडप डेकोरेशनचा धंदा. त्यामुळं कापड, बांबू, दोरी या विषयांत त्या दोघांचं कधी पटलं नाही. आणि सगळ्यात मोठं भांडण झालं ते काठावरून. काकांचं म्हणणं असं, की ताडपत्री वाऱ्यानं फाटत नाही, फडफडीनं फाटते. चारही कोपरे कितीही ताणा, मधला काठ ढिलाच राहतो, तोच फडफडतो आणि रिंगा उपटून काढतो. मग काठ सरळ ठेवायचाच कशाला? एका सकाळी त्यांनी कोरी ताडपत्री घराच्या भिंतीवर खिळ्यांनी लावली. तिच्या वरच्या दोन कोपऱ्यांमधून गजूकाकांच्या कुत्र्याची साखळी सोडली, आणि साखळी आपल्या वजनानं जेवढा झोल खाते तेवढी रेघ मला खडूनं काढायला लावली. अशाच चारही बाजू. मग कात्री घेतली. आत झुकलेला असा काठ कोपरे ताणले की पूर्ण ताणला जाईल, ढिलं कापड उरणारच नाही, हा त्यांचा हिशेब.

मोकळं सुटलेलं कुत्रं शोधत गजूकाका आले आणि फाटकातच थांबले. “नवी ताडपत्री कापून राहिला? काहून गा? डोकं फिरलं का?”

“फडफड काढून राहिलो तिची.”

“आम्ही मांडववाले कपडा कापत नसतो, दिवाकर. दुमडतो अन् बांधतो. माझ्या बापानं कधी कापला नाई, मी कापला नाई. पहिल्या वावधानात उडून जाईन हे.”

“वावधानच पाहिजे मले,” काका म्हणाले. “साध्या हवेत तं हिचं लुगडंबी उभं राह्यते.” आतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

काठाला आतून दोरी घालून काकांनी तो स्वतः शिवला. पण ते वावधान, म्हणजे वादळ, काही येईना. सगळी वस्ती त्यांना कापलेल्या ताडपत्रीवरून चिडवायची, आणि ते आभाळाकडं बघत बसायचे. मग ते आजारी पडले. आधी पायांवर सूज आली, पुढं दम लागू लागला, शेवटी दवाखान्यात भरती करावं लागलं. डॉक्टरांनी काकूंना बाहेर बोलावून काय सांगितलं ते काकूंनी मला सांगितलं नाही… पण मला कळलं. उन्हाळ्याच्या तोंडावरचा मुक्काम आधीच ठरलेला होता. आम्ही तो रद्द करणार होतो. काकांनी मला खाटेजवळ बोलावलं. “जा. माझी ताडपत्री ने. तू लाव.”

“काका, मी?”

“मंग कोण, गजू? तो तं दुमडून बांधीन.” त्यांना धाप लागली, थांबले. “उभी राह्यली तं सांगजो. पडली तरी सांगजो. मले बरं वाटावं म्हणून काई सांगू नको. मले खरंच जाणून घ्यायचं हाय.”

तो मुक्काम उमरेडच्या पुढं एका तलावाकाठी होता. मी काकांच्या ताडपत्रीची वाऱ्याकडची बाजू जमिनीलगत घेतली, खुंट्या तिरप्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. पलीकडं गजूकाकांनी जेवणासाठी त्यांच्या दुकानातली मोठी ताडपत्री लावली, ढिले काठ व्यवस्थित दुमडून. दोनतीन घरांनी तंबू आणले होते. दुपारी भाजी शिजत असताना पश्चिमेकडून आभाळ काळं झालं. आधी धूळ आली, मग वारा, मग बोराएवढ्या गारा. एक तंबू मुळासकट उपटून तलावाकडं लोळत गेला. गजूकाकांची ताडपत्री धाडधाड वाजायला लागली आणि बघताबघता एका बाजूनं सुटून बाभळीत जाऊन अडकली. सगळे धावत आमच्याकडं आले. म्हाताऱ्या बाया, लेकरं, भाजीचं पातेलं, सगळं आत. तेवढ्यात वाऱ्याकडच्या कोपऱ्याची रिंग तुटली. मी काही विचार केला नाही. चुलीजवळचा गोल खडा उचलला, कापड गोळा केलं, गळ्याशी दोरी आवळली, आणि गजूकाकांनी बाहेर पावसात उभं राहून तिचं टोक खुंटीला घातलं. मग ते आत आले, ओलेचिंब. त्यांनी काठावर तळवा ठेवला आणि वारा कमी होईपर्यंत तसाच ठेवला.

पाऊस थांबल्यावर आम्ही दोघं तलावाच्या पाळीवर चढलो, कारण खाली फोन लागत नव्हता. पाळीच्या टोकाशी एकदाची रेंज आली. काकू म्हणाल्या, सकाळपासून ते बोललेच नाहीत, नुसते दाराकडं पाहून राहिलेत, फोन कानाशी धरते. मी “काका…” म्हटलं, तेवढ्यात गजूकाकांनी माझ्या हातातून फोन घेतला.

“दिवाकर, गजू बोलून राहिलो. वावधान आलं गा. माझी उडाली.” त्यांनी खाली ताडपत्रीकडं पाहिलं. “तुझी उभी हाय.”

पलीकडून काकूंचा ओरडा, “हसून राहिले! हसून राहिले वं!” आणि त्याच्या मागून, अगदी बारीक पण स्पष्ट, काकांचा आवाज…

“काठ?”

“नाई हालला गा. हात ठेवून पाह्यला मी.” गजूकाका रडत होते आणि मोठ्यानं हसतही होते. खाली तलावाकाठी आमची सगळी माणसं कोरडी बसली होती. गजूकाका तिकडं बघत, दवाखान्यापर्यंत फोनशिवायही पोचेल अशा आवाजात, पुन्हा पुन्हा सांगत होते, “उभी हाय, दिवाकर. अजून उभी हाय!”