सरकवलेला रकाना

आमच्या ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये तिला सगळे थोरली म्हणायचे. घरी भावंडांत थोरली, आणि इथेही सगळ्यांत जुनी. नवऱ्याच्या माघारी दोन्ही मुलींना तिने याच नोकरीवर वाढवलं. तोंडाने फटकळ. तिचं पेन कोणी उचललं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पण फोनवर तिचा आवाज ऐकला की भेदरलेला माणूसही पत्ता नीट सांगायला लागायचा. मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसते.

त्या दिवशी एका शिंप्याला अर्धांगाचा झटका आला. त्याच्या बायकोच्या फोनची नोंद थोरलीच्या पडद्यावर उमटली. आमच्या पडद्यावर यादी असते: वेळ, नाव, गाडी, पत्ता आणि सगळ्यांत शेवटी 'बंद'. पत्त्यावर क्लिक केलं की नकाशा उघडतो. 'बंद'वर केलं की नोंद यादीतून जाते, का आणि कशाला असं काही न विचारता. थोरलीला रस्ते तोंडपाठ, त्यामुळे ती नकाशाच्या वाटेला कधी जायची नाही. पण ही गल्ली नव्या वस्तीतली होती. तिने पत्त्यावर क्लिक केलं. नकाशा उघडला नाही, ओळच नाहीशी झाली.

ओळ गेली म्हणजे शेजारणीने उचलली, हा आमचा रोजचा अनुभव. तिने माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या फोनवर होते आणि फोनवरच्या माणसाला 'हो हो' करत मान हलवत होते. तिला वाटलं, गाडी मी पाठवली. नंतर त्या बायकोचा दुसरा फोन मीच घेतला. "अहो, गाडी कुठवर आली?" गाडी निघालीच नव्हती.

शिंपी वाचला. उजवा हात मात्र गेला.

साहेबांनी चौकशी लावली. कॉम्प्युटरमध्ये स्वच्छ दिसत होतं: थोरलीच्या टेबलावरून 'बंद'वर क्लिक. प्रोग्रामर आला, तिच्याच खुर्चीवर बसला आणि पत्त्यावर पुन्हा पुन्हा क्लिक करत राहिला. दरवेळी नकाशा गुमान उघडला.

"आता कॉम्प्युटर खोटं बोलतो का, बाई?" साहेब म्हणाले. "चूक कबूल करा. सही करा आणि सन्मानाने घरी जा."

"मी पत्त्यावरच क्लिक केलं," थोरली म्हणाली, आणि तिने जे मूग गिळले ते गिळलेच.

माझं डोकं फिरलं. पेनासाठी घर डोक्यावर घेणारी बाई नोकरी जाताना गप्प? मी तिला ओढत जिन्यात नेलं. "बोलत का नाहीस गं?"

"बोलले तरी जाते, नाही बोलले तरी जाते," ती म्हणाली. मग आवाज खाली गेला. "डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. नोकरीच्या तपासणीला अक्षरांचा तक्ता पाठ करून गेले होते. कोणाला सांगितलंस तर याद राख."

तिच्या धाकट्या मुलीचं शिक्षण अजून व्हायचं होतं. इकडे आड, तिकडे विहीर. मला तिचा रागही आला आणि भीतीही वाटली. मी गप्प राहिले.

साहेबांच्या खोलीत तिने पेन हातात घेतलं. तेवढ्यात बॅग आवरणारा प्रोग्रामर घुटमळला. "मावशी, सही करायच्या आधी एकदा त्या दिवशीसारख्याच बसून दाखवता? अगदी तशाच?"

थोरलीने एकदा कागदाकडे पाहिलं. मग पेन ठेवून उठली आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली. आम्ही मागे उभे. तिने माऊसने पत्त्याचा रकाना पकडला आणि ओढत 'बंद'च्या पलीकडे, पार उजव्या कडेला नेऊन ठेवला. प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत तशी सोय आली होती.

"हे काय?" साहेब.

"डाव्या डोळ्याला मोतीबिंदू आहे. पत्ता या बाजूला असला तरच वाचता येतो." तिने मागे वळून पाहिलं नाही. "उठताना परत जागेवर ठेवते."

उठणाऱ्याने टेबल होतं तसं करून ठेवायचं, हा आमच्या खोलीचा शिरस्ता. म्हणून प्रोग्रामरला सगळं जिथल्या तिथे सापडलं होतं. नोंद बंद करायला ती जुन्या सवयीने कीबोर्डचं बटण दाबायची, म्हणून तिच्याही काही लक्षात आलं नव्हतं.

प्रोग्रामरने एक खोटी नोंद टाकली. थोरलीने पत्त्यावर क्लिक केलं. ओळ नाहीशी झाली.

प्रोग्रामरचा चेहरा पांढराफटक पडला. "प्रोग्राम लिहिताना क्लिक शेवटच्या रकान्यावर झालं का एवढंच मी बघितलं," तो म्हणाला. "शेवटी 'बंद'च असणार असं धरून चाललो. तिथे आता कोण येऊन बसलंय हे विचारलंच नाही."

"म्हणजे चूक कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी."

थोरलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिने मला नंतर सांगितलं, आपलंच बोट चुकलं असेल असं तिलाही वाटायला लागलं होतं.

डोळा लपवल्याबद्दल साहेबांनी तिला खडसावलं, पण ऑपरेशनला रजा दिली. प्रोग्रामरने चूक दुरुस्त केली, आणि 'बंद' करण्याआधी आता पडदा विचारतो. ती परत आल्यावर मी म्हटलं, "सुटलीस बाई एकदाची."

"मी सुटले. त्याचा हात?"

पहिल्यांदा ती त्या घरी गेली तेव्हा शिंप्याच्या बायकोने दार तोंडावर लावलं. थोरली पुन्हा गेली. मग पुन्हा. आता सुट्टीच्या दिवशी ती तिथेच असते, नकाशा न बघता जाते. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने ती सुईत दोरा ओवते, बायको टाके घालते, आणि शिंपी डाव्या हाताचं बोट दाखवून दोघींच्या चुका काढतो.