निघालेल्याला विचारू नये

तर काल गोष्ट सांगता सांगता मी दारातच राहिलो होतो, नाही का? एक पाय चपलेत, एक उंबऱ्याच्या आत, काखेत छत्री, आणि चेन्नईजवळच्या आमच्या आवडी स्टेशनावर गाडी गाठायची घाई. तेवढ्यात नात संयुक्ता फोन पुढे करत आली. "ताता, एवढं वाचून जा." आम्हां तंजावरी मराठ्यांच्या घरात आजोबाला इथल्यासारखं ताताच म्हणतात.

पण आधी ही पोर कोण ते सांगतो, नाहीतर मजा जाईल. ती पाचवीत होती तेव्हा खालच्या मजल्यावरच्या श्रीदेवीअम्मांनी इडलीचं पीठ विकायला काढलं. गिऱ्हाईक फिरकेना. हिनं तमिळमध्ये पाटी लिहून त्यांच्या दारावर लावली: 'तुम्ही निजा, पीठ जागं आहे.' संध्याकाळी पातेलं रिकामं. तेव्हाच मी म्हटलं, ही लिहूनच पोट भरणार. तसंच झालं. आता सिरुसेरीतल्या एका जाहिरात कंपनीसाठी ती लोणची, मसाले, कुकर असल्या वस्तूंवर लिहिते. बरेच दिवस घरूनच.

हल्ली ते लिहिणारं यंत्र आलंय. तिनं मला दाखवलं. फिल्टरमधून कॉफीचं डिकॉक्शन खाली उतरायच्या आत त्यानं चिंचभाताच्या पाकिटासाठी पानभर ओळी लिहिल्या, आणि त्याही गाभुळलेल्या चिंचेसारख्या. मी खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेत शिकलेला माणूस. आम्हाला एका निबंधाला आठवडा लागायचा, आणि तो गाईवरच असायचा. मला हात जोडावेसे वाटले. संयुक्ताला मात्र घोर लागला होता. तिच्या साहेबांनी, गुरुराजनी, सांगून ठेवलं होतं की यंत्र एवढं लिहितंय तर तुम्ही कशाला हव्यात, ते या चिंचभातावर दाखवा. तिच्या सोबतच्या दोघांची नोकरी आधीच गेली होती.

तर दारात मी फोन घेतला. प्रवासात न्यायच्या भाताची जाहिरात, स्टेशनाबाहेर लावायची. चित्रात सामान घेतलेलं कुटुंब आणि वर ठळक अक्षरांत यंत्रानं लिहिलेला प्रश्न: 'कुठं निघालात?'

मी चप्पल काढली, आत आलो आणि खुर्चीत बसलो.

"अगं, पाणी आण," मी म्हटलं.

बायको, राजसबाई, तांब्या घेऊन आली. "निघताना कोणी विचारलं?"

"फोननं."

संयुक्ता हसायला लागली आणि मधेच थांबली. निघालेल्याला कुठं म्हणून विचारू नये, काम होत नाही. विचारलंच तर परत येऊन बसावं, पाणी प्यावं, मग निघावं. इथल्या तमिळ घरांत काय, आमच्यात काय, सगळ्यांना ठाऊक. तिलाही. पण ओळ इतकी गोड उतरली होती की तिच्याही नजरेतून सुटली.

"ताता, हे दुपारी साहेबांकडे जाणार होतं," ती म्हणाली. तोंड उतरलं होतं पोरीचं.

"अर्धी आवडी घरी येऊन पाणी पीत बसली असती," राजसबाई म्हणाली.

मग संयुक्तानं यंत्राला सगळं समजावलं, माझ्या चपलेसकट. आणि ऐका, माझ्या आईला हे मला शिकवायला किती चापट्या खर्चाव्या लागल्या. त्याला दोन ओळी पुरल्या. त्यानं लगेच नव्या ओळींची रास घातली. तिनं एकीचं शेपूट कापलं, दुसरीचं डोकं त्याला जोडलं, आणि वाचून दाखवलं: 'जाऊन या. भात आम्ही बांधलाय.' माझी गाडी केव्हाच गेली होती. मी म्हटलं, पुन्हा वाच.

गुरुराजना तिनं जाहिरातीबरोबर माझ्या चपलेची गोष्टही कळवली. त्यांनाही त्यांच्या आईनं असंच कितीदा परत बसवलं होतं म्हणे. पुढचं काम तिच्याकडेच ठेवलं.

मला तरीही धाकधूक. पुन्हा निघताना विचारलं, "अगं, आता हेही त्याला कळलं. उद्या तुझं काय?"

तिनं माझी छत्री माझ्या काखेत दिली आणि म्हणाली, "शिकू दे की ताता. तोवर तुम्ही दारात दुसरं काहीतरी कराल."