बांबूच्या बेटात टॉमहॉक चालली

बायांनो, आज मी जिंकली!

मोबाईलवरून टॉमहॉक मागवली, तवापासून आमचे मालक हसून राह्यले होते. हातभर दांड्याची फौजी कुऱ्हाड हाय ती. म्हणे, "लेकरायचं खेळणं आणलं."

आज दुपारी आमची गाभण शेळी बांधावरच्या काटेरी बांबूच्या बेटात घुसली अन् दोन बांबूत तिची मान अडकली. तिकडे वाघ फिरते, तिले तशीच सोडून येता येत नाई. मालकानं लांब दांड्याची कुऱ्हाड आणली, पण आत ती फिरवाले जागाच नाई. काटे टोचून घेऊन बाहेर आले.

"सरका बाजूले," म्हटलं अन् टॉमहॉक घेऊन उकिडवी बसून सरकत आत शिरली. जवळूनच घाव घातले. बांबू तुटला, शेळी सुटली!

खोटं काऊन बोलू? चुलीचं जाड लाकूड या टॉमहॉकनं फुटत नाई. पात्याच्या मागचं अणकुचीदार टोक तं निव्वळ दिखाव्याचं. पण अडचणीच्या जागी हिचाच नंबर.

आता मालक म्हणते, "कुंपणाचे काटे तोडाचे हाय, दे ना जरा."

म्हटलं, "हात नाई लावाचा. आपली आपण मागवा."

तुमच्यात कोनाजवळ हाय? काय कापता तिनं?