जुना नंबर अठरा

चेन्नई मला तोंडपाठ आहे, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. ते अगदीच खोटं नव्हतं. कुंभकोणमच्या टपाल कचेरीत मी तेहेतीस वर्षं सॉर्टर होतो. समोर भिंतभर कप्पे, हातात पत्रांचा गठ्ठा आणि नजर प्रत्येक पत्त्याच्या शेवटच्या ओळीवर, पिनकोडवर. मयिलापूर म्हणजे चेन्नई चार, तिरुवल्लिकेणी म्हणजे पाच, पश्चिम मांबलम म्हणजे तेहेतीस. गल्लीतलं कुणी चेन्नईला निघालं की मी त्याला ओट्यावर बसवून रस्ते समजावून सांगायचो. माणसं "बरं, बरं" म्हणायची आणि तिथं उतरल्यावर दुसऱ्या कुणाला तरी विचारायची.

मी स्वतः चेन्नईला एकदाच गेलो होतो. भाच्याच्या लग्नाला. तेव्हाही स्टेशनापासून मांडवापर्यंत वऱ्हाडाच्या बसमध्ये घोरत गेलो आणि घोरत परत आलो. ही गोष्ट मी कुणाला सांगत नसे.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली असतील. खिशातला फोन रस्ता दाखवू लागला, त्याच्या बऱ्याच आधीचं सांगतोय. माझ्या धाकट्या भावाची मुलगी श्रीनिधी, वय सतरा, तिला मयिलापूरच्या एका सभेनं डिसेंबरच्या संगीत उत्सवात गायला बोलावलं. गाणं करवणाऱ्या संस्थेला आमच्याकडे सभा म्हणतात. तिची पहिलीच कच्चेरी, म्हणजे मैफल, वेळ दुपारी बाराची. ही वेळ नवख्या पोरांची. तिकीट नसतं, पंखे फिरत असतात आणि श्रोते मागच्या कँटीनमध्ये केळीच्या पानावर बसलेले असतात.

"पेरियप्पा," ती फोनवर म्हणाली. थोरल्या काकाला आमच्यात पेरियप्पा म्हणतात. "अप्पा माझ्यामागं तंबोऱ्यावर असणार. अम्मा घाबरून घरीच देवापुढं बसणार म्हणते. समोर नुसत्या रिकाम्या खुर्च्या. तुम्ही पहिल्या रांगेत बसा आणि मांडीवर ताल धरा. तुमचा हात दिसला ना, की मी नाही घाबरणार."

"येतो म्हणजे येतोच."

"स्टेशनवर कुणाला पाठवू?"

"मला? मला न्यायला माणूस? अगं, त्या शहराची पत्रं या हातानं घरोघर लावली!"

माझी बायको कोमळवल्ली बाजूलाच भाजी निवडत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "उंटावरचे शहाणे आहात झालं. देवानं तोंड दिलंय ते नुसतं सांगायला नाही, विचारायलाही दिलंय."

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. छत्तीस वर्षं दिलं नव्हतं, आताच काय देणार?

सकाळी एग्मोर स्टेशनवर उतरलो. बसमध्ये चढलो आणि कंडक्टरला रुबाबात म्हणालो, "सहा शून्य शून्य शून्य शून्य चार, एक द्या."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आजोबा, हा कुणाचा फोन नंबर? घरच्यांचा आहे का? लावून देऊ?"

अख्खी बस हसली. मागून एक बाई म्हणाली, "चुकले असतील हो बिचारे, बसवा त्यांना पुढं." मी मयिलापूरचं तिकीट घेतलं आणि पुढचा सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो.

सभा पिल्लैयार कोविल स्ट्रीटवर होती. पिल्लैयार म्हणजे गणपती, आणि आमच्याकडे गणपतीच्या देवळाचा रस्ता नाही अशी पेठ सापडायची नाही. पत्रिकेत नंबर छापला होता अठरा. मी कुणालाही न विचारता अठरा नंबर शोधून काढला. दारात केळीचे खांब, आत वाद्यं जुळवण्याचा आवाज, मागून सांबाराचा वास. फलकावर सभेच्या नावापेक्षा देणगीदार हिंगवाल्याचं नाव मोठं होतं, म्हणून मी तो वाचायच्या फंदात पडलो नाही. साडेअकरालाच पहिल्या रांगेत जाऊन बसलो आणि मनात म्हटलं, कोमळवल्ली आत्ता इथं हवी होती.

बाराला पडदा सरकला. मंचावर एक गुबगुबीत पोरगा बसला होता. त्यानं गळा साफ केला आणि गायला लागला.

क्रम बदलला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पोरगा काही उठेना. शेवटी मीच उठलो आणि बाहेर आलो. फाटकापाशी स्टुलावर एक काळासावळा, काटक माणूस स्कूटरी राखत बसला होता.

"अहो, बाराला श्रीनिधी गाणार होती. तिचं काय झालं?"

"इथं कुठली श्रीनिधी? इथं हा गोपाळकृष्ण बसलाय, तो दीडपर्यंत हलायचा नाही. पत्रिका बघू."

मी पत्रिका पुढं केली आणि सवयीनं पत्त्याच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यानं पत्रिकेऐवजी बोटाकडेच पाहिलं.

"टपालात होता का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"माणसं पत्ता वरून खाली वाचतात. खालून वर फक्त सॉर्टर वाचतो. मी पोस्टमन होतो, याच रस्त्यावर, एकोणतीस वर्षं. एळुमलै." मग पत्रिकेवर टिचकी मारून म्हणाला, "साहेब, हा जुना अठरा. नवा एक्केचाळीस. तुम्ही बसलात ते नव्या अठरावर. म्हणजे जुना सात."

महापालिकेनं घरांना नवे नंबर दिले, लोकांनी जुने सोडले नाहीत, तेव्हापासून चेन्नईतल्या घरांना दोन-दोन नंबर आहेत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. उलट फारच माहीत होतं. माझ्याकडे जुन्या-नव्या नंबरांची यादी होती, बदलून आलेल्या एका कारकुनाकडून उतरवून घेतलेली. पत्रिका हातात पडली तेव्हा मी ती यादी काढून, अठरा हा नवाच नंबर आहे अशी खात्रीसुद्धा करून घेतली होती.

"सॉर्टर कुठले तुम्ही?" एळुमलैनं स्टूल बाजूला सारत विचारलं.

"कुंभकोणम."

"कुंभकोणम!" तो असा ओरडला की चहावाल्यानं मान वर केली. "तिथं एक महाभाग होता, ओळखत असाल तुम्ही. लोक बिचारे नीट नंबर लिहायचे, आणि हा तो खोडून लाल शाईनं भलताच घालायचा! तीन वर्षं! त्याचा एक आकडा या रस्त्याला लागू पडला असेल तर शपथ. कुठल्या दुसऱ्याच पिल्लैयार कोविल स्ट्रीटची यादी घेऊन बसला होता कोण जाणे. कोण हो तो?"

"होते बरेच जण," मी म्हणालो.

लाल शाई मी स्वतःच्या पैशानं विकत आणत होतो. सॉर्टरनं पत्त्याला हात लावायचा नसतो, पण मला वाटायचं, चेन्नईतल्या पोस्टमनचे पाय वाचतायत. निवृत्तीच्या भाषणात मी हे सांगितलंही होतं. टाळ्या पडल्या होत्या.

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. एळुमलैनं चहावाल्याला "जरा गाड्यांकडं बघ" म्हणून सांगितलं आणि सायकल काढली. "बसा कॅरियरवर. रस्ता लांबलचक आहे, चालत गेलात तर पोरीचं शेवटचं मंगलमच ऐकाल."

बासष्ट वर्षांचा मी, धोतर गुडघ्यांत धरून, एका पासष्ट वर्षांच्या माणसाच्या मागं बसलो. तो उभा राहून पॅडल मारत होता. मला गप्प बसवेना. देवळाशी म्हणालो, "इथून डावीकडं घ्या, जवळ पडेल." तो सरळ गेला. पुढं पुन्हा म्हणालो, आणि तलावाच्या कोपऱ्यावर तिसऱ्यांदा. तो सरळच जात राहिला. त्याची पाठ घामानं भिजली होती. ती पाठ माझ्या नाकासमोर होती आणि तिच्याकडं बघून मला राहवेना.

"एळुमलै, ती लाल शाई..."

"कळलं मला. कॅरियरवर बसून तीनदा डावीकडं वळायला सांगितलंत, तेव्हाच ओळखलं. असा माणूस कुंभकोणमात दुसरा नसणार."

"फार चालावं लागलं का?"

"पायांचं काय, त्यांना सवय होती. त्या निळ्या फाटकात एक म्हातारी उभी राहायची. मुलगा तुमच्याकडच्या मन्नारगुडीला. त्याचं पत्र तुमच्या आकड्यापायी अकरा दिवस या टोकाला पडून राहिलं. रोज ती विचारायची, रोज मी नाही म्हणायचो. अकराव्या दिवशी दिलं तेव्हा तिनं मलाच चार आणे दिले."

तेहेतीस वर्षं मी पत्त्यांकडं पाहिलं होतं. त्यांच्या टोकाला कुणी फाटकात उभं असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. लाज वाटली.

एक्केचाळीस नंबरला पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. आत तीनशे खुर्च्या आणि चार माणसं, त्यातलं एक झोपलेलं. श्रीनिधी गात होती, पण आवाज छातीतून निघत नव्हता आणि डोळे पहिल्या रांगेवर खिळले होते. मी धापा टाकत जाऊन बसलो. तिनं मला पाहिलं. तिचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, चला, सगळं भरून निघालं.

आता ताल. ती कुठल्या कृती कुठल्या क्रमानं गाणार ते तिनं मला आधीच कळवलं होतं. मी घड्याळ पाहिलं, हिशेब केला: साडेबारा म्हणजे तिसरी कृती, म्हणजे आदि ताल. हात उचलला आणि मांडीवर दणकून आठ मात्रांचा ताल सुरू केला.

श्रीनिधीच्या कपाळाला आठी पडली. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं, मग स्वतःच्या. तिचा हात अडखळला, सूर डळमळला, मृदंगवाल्यानं चमकून वर पाहिलं. मला वाटलं पोरगी घाबरली, म्हणून मी आणखी जोरात धरला.

तेवढ्यात शेजारून एक खरखरीत हात आला आणि त्यानं माझं मनगट मांडीवर दाबून धरलं. एळुमलै परत गेलाच नव्हता. पंख्याखाली येऊन बसला होता.

"साहेब, तिसरी संपली. ही चौथी. मिश्र चापू आहे, सात मात्रा." तो कानाशी म्हणाला. "ऐका जरा, यादी सोडा."

आणि त्यानं स्वतःच्या मांडीवर ताल धरला. तीन आणि चार, तीन आणि चार, बोटांचा आवाजही न करता. श्रीनिधीची नजर माझ्यावरून सरकली आणि त्याच्या हातावर जाऊन थांबली. दोन आवर्तनांत सूर जागेवर आला. तिसऱ्या आवर्तनात ती हसली.

"तुम्हाला हे कुठून येतं?" मी कुजबुजलो.

"दुपारचं टपाल वाटून झालं की कुठं बसणार? बाराची कच्चेरी फुकट असते, वर पंखा. एकोणतीस वर्षं पोरांचीच गाणी ऐकलीत. मोठ्यांची तिकिटं आपल्याला कुठून परवडायची? आता गप्प बसा, ती निरवल घेतेय, एकच ओळ फिरवून फिरवून."

मी गप्प बसलो. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला.

गाणं संपलं. चार माणसांनी टाळ्या वाजवल्या, झोपलेलाही उठून सामील झाला. श्रीनिधी मंचावरून धावत उतरली, माझ्या पाया पडली आणि "आलात ना!" म्हणाली. मग एळुमलैकडं वळून हात जोडले.

"मामा, परवा मला इथंच जवळच्या दुसऱ्या सभेत बाराचीच वेळ मिळालीय. तुम्ही याल?"

"बाराला मी येतोच, पोरी. पंखा असतो."

"पहिल्या रांगेत बसाल?"

"बसतो."

तिनं सुटकेचा श्वास सोडला. मग तिला माझी आठवण झाली आणि माझा दंड धरून ती अगदी मायेनं म्हणाली, "पेरियप्पा, तुम्हीही या हं. यांच्याबरोबरच या, आणि यांच्या शेजारी बसा."