बरणीतलं शेवाळ

लोणच्याच्या बरणीच्या काचेवर आतून दव साचलंय. तळाशी खडे, त्यावर कोळशाचा चुरा, मग माती आणि वर हिरवंगार शेवाळ. सोसायटीच्या मागच्या भिंतीवरून ते मी उलथन्याने अलगद सोडवून आणलं, कारण दुसऱ्या दिवशी ती भिंत अ‍ॅसिड ओतून घासली जाणार होती. "किती घाण दिसतं ते," असं सेक्रेटरीबाई मीटिंगमध्ये म्हणाल्या आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसले, याचा राग अजून जात नाही. काय बिघडवलं होतं हो त्याने कोणाचं? ना खत मागितलं, ना कुंडी. भिंतीच्या ओलाव्यावर आपलं आपण जगत होतं. आपल्याला हिरवं हवं असतं, पण ते आपण नेमून दिलेल्या जागेतच.

काल त्याच बाई कसल्याशा सहीसाठी घरी आल्या. बरणीचं झाकण काढून त्यांनी बोटाने शेवाळ कुरवाळलं.

"अय्या, किती गोड! कुठून मागवलंत?"

"मागच्या भिंतीवरचं आहे."

त्यांनी ते बोट झटकन रुमालाला पुसलं.

मी झाकण घट्ट लावलं. निदान एवढ्याशा हिरव्यावर तरी कोणाचा ठराव चालायला नको.