बाईंनी सांगितलेला प्रलय

चुकीचा शब्द दिसला की बाईंचं डोकं उठायचं. सगळी नोकरी शाळेत भाषा शिकवण्यात गेली. मुलांनी नाव ठेवलं होतं 'लालपेन', आणि निवृत्त झाल्यावरही ते पेन काही म्यान झालं नाही. दुकानाची पाटी असो की औषधाची बाटली, बाईंच्या तावडीतून काही सुटत नसे. लोक तोंडावर हसायचे, पाठ फिरली की नाकं मुरडायचे. बाईंना दोन्ही कळायचं, पण त्या बधायच्या नाहीत.

घरात दोनच माणसं, बाई आणि धाकटा भाऊ. भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. बायको गेल्यावर बहिणीच्या दोन खोल्यांत चार दिवस म्हणून आला तो आलाच, आणि येताना मधुमेह घेऊन आला. रोज सकाळी फ्रिजच्या दारातली बाटली काढायची, पोटाला सुई टोचायची आणि मग चहा. बहिणीच्या विद्वत्तेची त्याला गंमत वाटे. "ताई, तुझ्या शब्दांनी लिफ्ट वर जाते का?" असं म्हणायचा. जन्मात त्याने तिचं बोलणं कधी धड ऐकून घेतलं नव्हतं.

कोपऱ्यावरच्या बंद गॅरेजच्या माडीवर एक मंडळ सुरू झालं. दाराशी पाटी लागली, 'महाप्रल्लय जवळ आला आहे. आत या.' बाई आत गेल्या, पण त्या जास्तीच्या 'ल'साठी.

"ल एकच हवा," त्यांनी बजावलं. "जुन्या पोथ्यांत प्रळय सापडेल, तेही चालेल. हे नाही चालणार."

मंडळाचा प्रमुख पूर्वी विमा विकायचा. गिऱ्हाईक ओळखण्यात त्याचा हात कोण धरणार? त्याने तिथल्या तिथे पाटी उतरवली, खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, "बाई, हा शब्द आम्हाला कुणी नीट समजावलाच नाही हो. रविवारी याल का?" शाळा सुटल्यापासून बाईंना असं कुणी बोलावलं नव्हतं. त्या कबूल झाल्या.

भाऊ तमाशा बघायला म्हणून सोबत गेला. समोर तीस-चाळीस माणसं, बाईंचा आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत. "प्रलय म्हणजे नाश, हा वरवरचा अर्थ. मुळात धातू आहे ली. ली म्हणजे चिकटणं, विरघळून जाणं. लीन, तल्लीन, विलय ही सगळी त्याचीच भावंडं. आलय म्हणजे घर, तेसुद्धा त्याच कुळातलं. जग जिथून आलं तिथे परत मिसळून जातं, तो प्रलय."

घरी येऊन जिना चढताना भाऊ म्हणाला, "ताई, ते घराचं पुन्हा सांग ना." भावाने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. त्यांनी जिन्यातच उभं राहून पुन्हा सांगितलं.

मग बाईंना दुसरं काही सुचेना. जाडजूड कोश टेबलावर आले, रविवारची तयारी सोमवारपासून सुरू झाली. भाऊ पहिल्या रांगेत बसू लागला. तो लंगडतोय हे त्यांनी पाहिलं, पण "नवा बूट चावला" म्हणाला ते त्यांना पटलं. मुलाच्या वहीतला काना न सोडणाऱ्या बाईंनी ही थाप मात्र गिळली. घरात वास सुटला तेव्हा कुठे त्यांनी त्याचा मोजा ओढून काढला. अंगठा काळा पडला होता. फ्रिजच्या दारात बाटल्या सील न फोडता तशाच होत्या.

"विरघळायचंच आहे तर गोड होऊन विरघळू," भाऊ हसत म्हणाला.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गुडघ्याखालून पाय आजच काढावा लागेल, नाहीतर विष अंगभर जाईल. भावाने मान हलवली. नको म्हणाला, घरीच तर जायचंय.

बाई धावत मंडळाच्या प्रमुखाकडे गेल्या. त्याला समजवा म्हणून हात जोडले. तो थंडपणे म्हणाला, "औषध सोडा असं आम्ही कुणालाच सांगितलं नाही, बाई. आम्ही तर तुमचंच ऐकत होतो." त्याच्या थोबाडीत द्यावी असं बाईंना वाटलं. पण तो खरं बोलत होता, आणि त्याचीच चीड जास्त होती.

दवाखान्यात परत येऊन त्या खाटेला टेकल्या. आयुष्यात जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं.

"मी चुकीचं सांगितलं रे. लोकांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून रचलं सगळं. असा धातूच नाही. प्रलय म्हणजे नाश, नुसता नाश. पुढे काही नाही. पाय काढू दे त्यांना."

भावाच्या अंगात ताप फणफणत होता.

"शब्दाच्या बाबतीत तू कधी खोटं बोलत नाहीस, ताई," तो म्हणाला. "आज माझ्यासाठी बोलतेयस. कळतंय मला."

त्याने तिचा हात थोपटला आणि डॉक्टरांना पुन्हा नाही म्हणून सांगितलं.