भेदराची चटणी

नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरामागे मोरीचं पाणी जिथं जिरायचं, तिथं भेदरं आपोआप उगवायची. भेदरं म्हणजे आमच्याकडचे गावठी टमाटे, बोराएवढे आणि आंबट. बी कोणी पेरलेलं नसायचं; भांडी घासताना पाण्याबरोबर जायचं तेवढंच. आई फक्त काटक्यांचा आधार द्यायची आणि दिवाळीनंतर कच्ची, हिरवी भेदरं तोडून तव्यावर डाग पडेपर्यंत भाजायची. मग मिरच्या, लसूण, जिरं, शेंगदाणे घालून पाट्यावर वाटायची. वरून जवसाचं तेल. या चटणीबरोबर माझा भाऊ चार भाकरी खायचा.

तो मॅट्रिकला होता तेव्हा त्याला कावीळ झाली. डॉक्टरांनी तेल, तिखट, आंबट सगळं बंद केलं. मुरमुरे, उसाचा रस आणि पातळ ताक यांवर तो पंधरा दिवस पडून होता. घरातल्या बाकीच्यांना जेवायचंच होतं, म्हणून एका शनिवारी आईनं चटणी वाटली. भाजल्याचा वास आतल्या खोलीत गेला असणार. त्यानं मागितली. आई म्हणाली, बरा झाला की अख्खा गंज भरून करून देईन.

दुपारी ती औषध आणायला गेली. त्यानं मला हाक मारली. मी बोटावर चटणी घेऊन गेले आणि त्याला चाटवली. सोमवारी सकाळी तो गेला.

मी नऊ वर्षांची होते. दोन आणि दोन चार मलाही येत होते. कोणाला काही सांगितलं नाही आणि रडलेही नाही. नातेवाइकांतली एक मावशी म्हणाली, पोरगी दगड आहे. मला राग आला नाही, कारण तिचं खरंच होतं. पुढं शाळा झाली, लग्न झालं. सासरी निघताना सगळ्या बाया डोळे पुसत होत्या आणि मी मात्र ट्रंकेचं कुलूप नीट लागलंय का ते बघत होते. मोठी झाल्यावर एका डॉक्टरांना सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, एवढ्याशा चटणीनं काही होत नसतं. मला ते कळलं. पोचलं नाही.

अस्थी घेऊन आईबाबा काशीला गेले होते. काशीला गेलं की खाण्यातली एक वस्तू कायमची सोडून यायची असते. शहाणी माणसं नावडती भाजी सोडतात. आमच्या एका आत्यानं तर गवार सोडली, जी तिनं जन्मात तोंडात घातली नव्हती. आई परत आल्यावर भेदराला तोंड लावेना. तेव्हा घरात सगळे धरून चालले की हिनं आवडती वस्तू सोडली. तिचं कौतुकही झालं. ती चटणी मात्र दर हिवाळ्यात करायची, आणि मीठ बघायला मला बोलवायची. मी चाखायचे, ठीक आहे म्हणायचे. खरं तर मला ठीक काय आणि बेठीक काय, काहीच लागायचं नाही.

अशी अठरा वर्षं गेली. एका हिवाळ्यात मी माहेरी गेले होते. आई वाटत होती, मी ओट्याशी उभी राहून भाकऱ्या थापत होते. मी काही मनात धरून बोलले नाही. म्हटलं, पुरे झालं आता, देवाला काय रोज हिशोब बघायचा असतो, खाऊन घे.

"काशीले मी दोडके सोडले," आई म्हणाली.

मला आधी समजलंच नाही.

"मग भेदरं काहून नाही खात?"

ती वाटतच राहिली. "तो मांगत होता. मी नाही देल्ली. आता मी कोन्या तोंडानं खाऊ?"

तव्यावरची भाकरी करपत होती ती मी उतरवली. एवढं आठवतं, कारण ते केल्यावर करण्यासारखं दुसरं काही उरलं नाही. सांगितलं तर तिचा एक काटा निघणार होता आणि तिचा मुलगा मी मारला हे तिला कळणार होतं. दोन्ही एकाच वाक्यात होतं.

"त्यानं खाल्ली होती, आई. मी देल्ली होती. तू दवाई आनाले गेली होती तवा."

वरवंटा थांबला. आई मारेल असं मला वाटलं. सत्तावीस वर्षांची, एका लेकराची आई असलेली मी, खांदे आवळून उभी होते.

"आवडली का त्याले?"

"अजून दे म्हणाला."

"मग?"

"देल्ली."

आईनं हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. तिनं विचारलं, हे तू कोणाला सांगितलं होतंस का. मी मान हलवली. नवऱ्यालाही नाही? नवऱ्यालाही नाही. मग ती मनाशी वर्षं मोजत असावी, कारण बराच वेळ तिचे ओठ नुसते हलत होते.

"नऊ वर्षांची," ती म्हणाली. "एवढीशी होती वं तू."

मी हो म्हणाले, आणि मग मला तिथंच, पाट्याशेजारी, खाली बसावं लागलं.